भांड्यातलं पांढरं कडं

मला घाण भांडं बघवत नाही. हा माझा गुण आहे अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती, आणि मी तो लोकांना ऐकवतही असे. निपाणीच्या आमच्या घरात आई पितळी तपेलं घासून उन्हात धरायची आणि मला हाक मारायची, "बघ, तोंड दिसतंय का त्यात? दिसत नसंल तर घासलं कशाला?" त्याच घासाघाशीपायी मी एका बाईचं सात वर्षांचं काम धुऊन टाकलं. वर तिच्या तोंडावर खोटं बोलले. एकदा नाही, दोनदा. ते कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून बसलेय.

बेंगळुरूला मी आले ती प्रयोगशाळेत सहायक म्हणून. कोरमंगलाच्या एका पीजीत राहायचे, तिघी मुली आणि एक खिडकी. प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी झाडायचे, नाहीतर हिंदी. माझं सीमाभागातलं कन्नड ऐकून इथली मंडळी हसायची, म्हणून मी पहिले चार दिवस तोंडच उघडलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी डबा उघडला तर पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "अय्यो, शेंगाची चटणी! स्वल्प इकडे दे गं." मी चमचा तसाच हातात धरून बघत राहिले. चाळिशीला टेकलेली, जाड चष्म्याची, मोगऱ्याचा गजरा माळून पीएच.डी. करायला येणारी बाई मी आधी पाहिली नव्हती.

तीच अक्का. सगळेच तिला अक्का म्हणत, पण मराठीतून म्हणणारी मी एकटी. पाच-सहा पिढ्या बेंगळुरूत गेलेलं घर, जे. पी. नगरला राहायची. मराठी फक्त घरात बोललेलं, त्यामुळे जुनं आणि मधे मधे कन्नडची ठिगळं. मी तिला 'तुम्ही' म्हटलं तर फिस्कारली, "अक्का म्हणतेस आणि वर तुम्ही? सरी सरी, बरं, म्हण मग, मी पण तुला मॅडम म्हणते." तेव्हापासून ती 'तू' झाली. वडिलांच्या आजारपणात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती, मग काही वर्षं शाळेत शिकवलं, आणि मग हट्टानं पीएच.डी.ला नाव घातलं. सातवं वर्ष चालू होतं. येत्या मार्चमध्ये मुदत संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर नाव रद्द, हे अख्ख्या मजल्याला पाठ होतं.

आमचं काम काय ते सांगायचं म्हणजे पंचाईत. आई फोनवर विचारायची, "दगडाला भोकं पाडतीस व्हय?" पाडत नाही गं, त्याला मुळातच असतात. झिओलाइट नावाचा हा स्फटिक असतो, आतून सगळा सच्छिद्र, आणि त्याची छिद्रं इतकी बारीक की एका वायूचा रेणू आत शिरतो आणि दुसऱ्याचा बाहेर अडकतो. चाळणीच म्हणा. पण स्फटिक तयार होतात ते पिठासारखे, आणि पिठानं कुणी काही चाळू शकत नाही. त्याला आकार द्यावा लागतो. अक्का त्याचा पातळ पापुद्रा करायची, शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीवर, कुठे तडा नाही, कुठे फट नाही असा. मी त्याच्या पोकळ गोळ्या करायला शिकत होते. प्लॅस्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांवर स्फटिकांचं कवच चढवायचं आणि मग आतलं प्लॅस्टिक भट्टीत जाळून टाकायचं. उरतं ते नुसतं कवच.

दोन्ही कामांत आधी बी लावावं लागतं. म्हणजे तयार स्फटिकाचे कण चकतीवर नाहीतर गोळीवर चिकटवायचे, आणि त्यांच्यावर पुढचे स्फटिक वाढतात. बी नसेल तर चकतीवर कुठे दोन, कुठे चार स्फटिक बसतात, मधे सगळं उघडं. जगभर असंच करतात. अक्काचं म्हणणं असं की तिचा पापुद्रा बी न लावता धरतो. आणि धरायचा! सिलिका वगैरे पाण्यात कालवून केलेला घोळ भांड्यात ओतायचा, चकती सोडायची, दोन दिवस भट्टीत ठेवायचं, काढलं की साईसारखा सलग थर. सरांनी, म्हणजे आमच्या मार्गदर्शकांनी, स्वतःच्या हातानं तीनदा करून पाहिलं, त्यांना जमलं नाही. त्यांनी नवं कोरं भांडं घेतलं होतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सर हसून म्हणाले, "अक्काच्या हाताला गुण आहे." आम्ही सगळेच म्हणायला लागलो. तिच्या प्रबंधाच्या नावातच 'बीजाविना' हा शब्द होता, आणि आता फक्त एवढंच उरलं होतं की सगळे प्रयोग आणखी तीनदा करून तेच आकडे येतात हे दाखवायचं.

ते भांडं म्हणजे टेफ्लॉनचा जाड पांढरा पेला, पोलादी डब्यात बसणारा. प्रत्येकाचं वेगळं असायचं. अक्काचं पहिल्या वर्षापासून तेच होतं, त्यात दुसरं काहीही कधी केलं नाही, म्हणून कडक धुण्याची वेळच आली नव्हती. ती ते मऊ ब्रशनं, साध्या पाण्यानं खंगाळायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. तळाशी एक पांढरं, खरखरीत कडं धरलं होतं. चहाच्या पातेल्याला धरतं तसं. माझी नजर रोज त्या कड्यावर जायची आणि माझे हात शिवशिवायचे.

दसरा आला. बेंगळुरूत खंडेनवमीला काय थाट असतो विचारू नका. रिक्षा, बस, लेथ, झेरॉक्सचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. प्रयोगशाळाही सुटत नाही. आदल्या दिवशी आम्ही सगळे पुसापुशीला लागलो. अक्काच्या घरी घट बसलेले, ती चार दिवस रजेवर होती. मी म्हटलं, तिचं भांडं मी करते लख्ख, येऊन बघेल तर खूश होईल. देवाशपथ सांगते, मनात दुसरं काही नव्हतं. मला ती आवडायची. परक्या गावात माझ्याशी माझ्या भाषेत भांडणारं तेवढं एकच माणूस होतं.

साबणानं कडं हललं नाही. मग मी कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी त्यात भरलं, डबा आवळला आणि भट्टीत तापत ठेवून दिला. असलं तापवायचं तर सरांच्या वहीत सही घ्यावी लागते. मी घेतली नाही, एवढ्याशा गोष्टीला सही काय घ्यायची! सकाळी उघडलं तर कडं पार विरघळून गेलेलं. बाहेरच्या पोलादात माझं तोंड दिसत होतं. मी त्याला कुंकवाचं बोट लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं, आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद खाल्ला.

अक्का परत आली, भांडं हातात घेऊन गोल फिरवून पाहिलं. "अय्यो, नवीनच झालं की गं! कशानं घासलंस?"

सही घेतली नव्हती ना. ओरडा बसेल म्हणून पटकन म्हटलं, "साबणानं, अक्का. स्वल्प जोर लावला."

तिनं माझ्या गालाला हात लावला आणि हात आपल्या कपाळाशी नेऊन बोटं मोडली.

पुढच्या आठवड्यात तिची चकती बाहेर आली ती जवळजवळ कोरी. सूक्ष्मदर्शकाखाली इथे एक स्फटिक, तिथे एक, बाकी वाळवंट. होतं असं कधी, म्हणाली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. सरांनी सिलिकाची नवी बाटली मागवली. पाणी बदललं. भट्टीचं तापमान तपासायला माणूस आला. सगळ्यावर संशय घेऊन झाला, पण स्वच्छ भांड्यावर संशय कोण घेणार? नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. अक्का गजरा माळायची बंद झाली. आधी ती घोळ ओतताना गुणगुणायची, आता ओठ मिटून, श्वास धरून ओतायची आणि माप दोन-दोनदा बघायची. एकदा मला म्हणाली, "माझा हात गेला गं. काय केलं मी? कुणाचं वाईट केलं?" तिनं नवा चष्मा केला. कुठल्या देवळात जाऊन तेल घालून आली. रसायनशास्त्रातली बाई, तेल घालून आली! मी हसले नाही. मलाही वाटायला लागलं होतं की वय झालं तिचं, हात हलतो, माप चुकत असेल. खरंच वाटलं होतं मला तसं.

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या पोकळ गोळ्यांच्या एका घोळात मी बी घालायलाच विसरले. फोनवर बोलत काम करत होते, दुसरं काय. दोन दिवसांनी लक्षात आलं, डोक्याला हात लावला, फेकून द्यायला म्हणून उघडलं तर गोळ्यांवर कवच धरलेलं. चांगलं, सगळीकडून. मी भांड्याच्या तळाशी बोट फिरवलं. आदल्या आठवड्याचं पांढरं कडं तसंच होतं, घाईत मी ते घासलं नव्हतं.

आमच्या घरी दह्याचं गाडगं कधी घासत नाहीत. तळाला जे राहतं त्यावरच उद्याचं दही लागतं. हे मला वयाच्या सहाव्या वर्षापासून माहीत होतं. मी स्टुलावर बसले ती उठेना.

तरी खात्री करून घेतली. अक्काच्या कृतीनं घोळ केला, माझ्या त्या घाण भांड्यात ओतला, एक चकती सोडली. दोन दिवसांनी पापुद्रा आला, सलग, साईसारखा. म्हणजे इतकी वर्षं बी त्या कड्यातूनच सुटत होतं, आणि 'बीजाविना' असं काही नव्हतंच. ते कडं मी विरघळवून टाकलं होतं. अक्काला सांगायचं म्हणजे दोन गोष्टी एकदम सांगायच्या होत्या. तुझं मी घालवलं, आणि तुझं होतं ते तू समजत होतीस ते नव्हतं. पण कृती खरी होती, पापुद्रा खरा होता. नाव बदलून, चार प्रकरणं पुन्हा लिहून प्रबंध उभा राहिला असता, त्याला फक्त वेळ लागला असता.

मुदतीला बारा दिवस होते. मी चकती कागदात गुंडाळून खणात ठेवली.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी हात धूत उभ्या होतो. अक्कानं नळ बंद केला आणि आरशात बघत विचारलं, "ए पोरी, दसऱ्याला ते भांडं साबणानंच घासलं होतंस ना गं?"

तिच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती. एवढंच म्हणायचं होतं, नाही अक्का, कॉस्टिकनं. तीन शब्द.

"साबणानंच," मी म्हटलं.

"सरी," ती म्हणाली. "मग मीच."

पंधरा दिवसांनी तिनं टेबल आवरलं. प्रबंध गेला नाही. सगळ्यांना एकेक वेलदोड्याचा पेढा वाटला, जणू लग्न ठरलंय, आणि गेली. मला मिठी मारताना म्हणाली, "तुझं चांगलं होईल बघ, तुझा हात स्वच्छ आहे." मी प्रसाधनगृहात जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत कामाला लागले.

त्यानंतर पाच वर्षं मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले. बारा दिवस उरले होते. बारा दिवसांत प्रबंध पुन्हा लिहून होत नाही. मुदत संपतच होती, सांगून काय फरक पडला असता? उलट जाता जाता तिचं मन आणखी मोडलं असतं. बरं झालं नाही सांगितलं. हे मी इतक्यांदा घोटलं की झोपेत कुणी विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

मधल्या काळात माझं बरं चाललं. मीही पीएच.डी.ला नाव घातलं. आणि लाज सोडून सांगते, माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या कड्यावरच आहे. भांड्यात उरलेलं बी पुढच्या घोळात कसं उतरतं, त्यावर पोकळ कवच कसं धरतं. सर म्हणाले, हे छापून पाठवू. तेव्हा मला घाम फुटला. अक्का आनेकलजवळ एका कारखान्यात कच्चा माल तपासायच्या नोकरीवर होती. असली नियतकालिकं ती वाचत असेल-नसेल, पण वाचलं तर तिला एका ओळीत सगळं कळणार होतं. त्याआधी ते माझ्या तोंडून कळावं असं वाटलं. धीर नव्हता तो, भीतीच होती.

फोन केला तर ती ओरडलीच, "अय्यो, आठवण आली का गं? रविवारी ये. जेवायलाच ये. अवरेकाळूची आमटी करते, पावट्याची, आता हंगाम आहे."

जानेवारी होता. मी मार्केटच्या बसस्टँडवरून आनेकलची बस धरली. तिच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली, आता एकटीच. केस बरेच पांढरे झाले होते. आमटी उकळत होती, जमिनीवर दोन ताटं मांडलेली, पाण्याचे तांबे भरून ठेवलेले. उरलेले दाणे परातीत घेऊन ती सोलत बसली. भिजवलेला दाणा दोन बोटांत दाबला की टुपकन बाहेर उडतो. मी पण सोलायला लागले. तिनं सगळं विचारलं, लग्नाचं बघतायत का, सर कसे आहेत, तिच्या टेबलावर आता कोण बसतं.

मी सांगितलं. दसऱ्यापासून सुरुवात केली, कॉस्टिक, सही, माझं विसरलेलं बी, खणातली चकती. मधे थांबले असते तर परत बोलता आलं नसतं, म्हणून खाली मान घालून एका दमात बोलले. तिची बोटं थांबली होती.

परात बाजूला सरकवून म्हणाली, "दोनदा विचारलं होतं मी तुला."

"हो."

"दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुला कळलेलं होतं?"

"हो, अक्का." आणि मग मी ते पाच वर्षं घोटलेलं पुढे केलं. "पण बाराच दिवस उरले होते गं. मुदत संपतच होती. तेव्हा सांगून तरी काय..."

"मुदत कुठे संपत होती?" ती माझ्याकडे बघायला लागली. रागानं नव्हे, खरंच न कळल्यासारखी. "सरांनी एक वर्ष वाढवून आणलं होतं. स्वतः खेटे घालून आणलं. पत्र माझ्या पर्समध्ये होतं त्या दिवशी. तुला विचारलं ना, नळापाशी, त्या दिवशी. तू साबणानंच म्हणालीस. मग मी सकाळी जाऊन सरांना म्हटलं, नको मला वर्ष. हातच गेला तर वर्ष घेऊन काय करू."

आमटी उतू जायला लागली. तिनं उठून गॅस बंद केला आणि ओट्याशीच पाठमोरी उभी राहिली.

"कुणाला बोलले नाही मी," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आईला पण नाही. म्हटलं, उगाच म्हणतील, मिळालेलं वर्ष सोडलं."

मी अक्का, अक्का करत रडायला लागले. माफ कर म्हटलं, पाया पडते म्हटलं, तिच्या नावानं छापायला सांगते म्हटलं. काहीतरीच बरळले. ती वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. तिनं खाली मांडलेल्या दोन ताटांपैकी एक उचललं आणि फळीवर ठेवून दिलं.

"दीडची बस मिळेल तुला," म्हणाली. "नंतरची फार उशिरा आहे."

मी चपला घातल्या. जिन्यात आमटीचा वास येत होता. दीडची बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. चंदापुऱ्याच्या पुढे गेल्यावर मला सडकून भूक लागली, आणि भूक लागली याचीच मला इतकी लाज वाटली की मी पदर तोंडात कोंबून बसले.